पुठ्ठ्यातला रुपया

मी आयुष्यभर लोकांच्या बुडाखालची जागा शिवली. मोटारसायकलच्या सीटा, जीपच्या गाद्या, ट्रॅक्टरच्या खुर्च्या. मुखेडच्या बसस्टँडमागं माझं पत्र्याचं दुकान होतं. माझ्या शिलाईतून पाणी आत गेलं असं तोंडावर सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथीत मी नुसता बसत होतो. तरी हे माझ्या हातानं लिहिलंय. कुणाला तोंडी सांगून लिहून घेतलेलं नाही. चुका असतील त्या माझ्या.

नाण्यांचा नाद मला सीटांनीच लावला. जुनी जीप दुकानात आली की मी सीट उसवायचो, आणि आतल्या फोमच्या फटीत नाणी सापडायची. कुणाच्या खिशातून घसरलेले चार आणे, आठ आणे. मालकानं मागितली तर द्यायचो. पण कुणी मागत नाही, कारण आपलं काय पडलं ते बसणाऱ्याला माहीतच नसतं. पुढं मी बाजारात जुनी नाणी हुडकायला लागलो. भोकाचा पैसा, ढब्बू पैसा, आणि हाली रुपया. हाली म्हणजे निजामाच्या राज्यातला चांदीचा रुपया, त्याच्यावर चारमिनार असतो. देवणीच्या जनावरांच्या बाजारात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडून असे सात रुपये घेतले, तेव्हा मला दोन दिवस जेवणाचं भान नव्हतं, इतका मी हरखलो होतो.

पण एक गोष्ट मला सलायची. आमचा आजा गावातला मोठा जमीनवाला. त्याच्याकडं हाली रुपयांची पिशवी होती असं आमच्या घरात सांगायचे. आजा मेल्यावर चुलत्यांनी पिशवी फोडली आणि रुपये वितळवून आपल्या बायकांना दागिने केले. माझ्या बापाच्या वाट्याला बैलजोडी आली, ती तीन वर्षांत संपली. म्हणजे मी नाणी ठेवायला केलेल्या वहीत दोनशेवर नाणी होती, पण आमच्या घरचं एकही नाही. सगळी बाजारातली. आज्याचा एकच रुपया जगात उरला होता, आणि तो मास्तरकडं होता.

मास्तर आणि मी एका वर्गात होतो. मी भिंतीला टेकून बसायचो, तो दाराशी बसायचा. त्याला तिथंच बसवायचे. त्याचा बाप आमच्याकडं सालगडी होता. ते लोक पुढं बौद्ध झाले, त्याच्या बापानं आमचं काम सोडलं, आणि मास्तर शिकत गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यानं तीस वर्षं विज्ञान शिकवलं. अख्खा तालुका त्याला गुरुजी म्हणायचा. मी मास्तर म्हणायचो. तो मला मिस्त्री म्हणायचा. आम्ही दोघं अरे-तुरे करायचो, आणि दर बाजाराच्या दिवशी तो माझ्या दुकानात येऊन बसायचा, कारण नाण्यांबद्दल बोलायला तालुक्यात तिसरा माणूस नव्हता. मैत्री म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. साठ वर्षांत मी त्याच्या घरी पाणी प्यालो नव्हतो. साखर वर्ज्य आहे, पोट बरं नाही, चहा आत्ताच घेतला, असं काहीतरी सांगायचो. त्यानं एकदाही आग्रह केला नाही.

नाणी ठेवायची कशात, यावरून आमचं वाजलं.

मी माझी वही स्वतः शिवली होती. सीटवर जे जाड, मऊ, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक घालतात, त्याचे कप्पे. एका पानावर वीस कप्पे, मशीनवर दुहेरी टाके, वरून मरून रेक्झिनचं कव्हर आणि तिन्ही बाजूंनी चेन. पाण्यात टाकली तरी आत थेंब गेला नसता. लोक बघायला यायचे. नाणी कमी बघायचे आणि शिलाई जास्त बघायचे, ते मला चालायचं.

मास्तरनं पहिल्यांदा वही हातात घेतली, उघडली आणि नाकाला लावली.

"मिस्त्री, वास घे याचा."

"नव्या मालाचा वास हाय त्यो. जुन्या मालाला येत न्हाई."

"ज्याला वास येतो ते प्लास्टिक काही तरी सोडून राहिलंय. मऊ राहावं म्हणून तेलासारखं घातलेलं असतं त्याच्यात. उन्हाळ्यात ते घाम फुटल्यावानी बाहेर येतं आन नाण्यावर बसतं. चांदीत तांबं असतं, ते हिरवं पडतं."

"तीस वर्सं झाली माणसं बसून राहिलीत याच्यावर. कुणाचं बूड हिरवं झालेलं बघितलंस का तू?"

दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती, ती हसली. मास्तरही हसला. म्हणाला, "बुडात तांबं नसतं, मिस्त्री."

मग लोक आणखी हसले, आणि ते हसणं मला आवडलं नाही.

त्याच्याकडं वेगळी सोय होती. जाड पांढऱ्या पुठ्ठ्याचा चौकोन, मधे नाण्याएवढी गोल खिडकी, खिडकीला पातळ, कडक फिल्म. नाणं आत ठेवायचं, पुठ्ठा दुमडायचा, तीन बाजूंनी स्टेपलरच्या पिना मारायच्या आणि पक्कडीनं पिनांची टोकं चपटी करायची, म्हणजे शेजारच्या नाण्याला ओरखडा उठत नाही. ते पुठ्ठे उभे करून बुटाच्या खोक्यात ठेवायचा. खोक्यात त्या बारीक पांढऱ्या पुड्या टाकलेल्या, नव्या बुटात येतात त्या, ओल धरू नये म्हणून. आणि सगळ्यात मोठं त्याला वाटायचं ते हे, की पुठ्ठ्याच्या कडेवर लिहिता येतं. नाणं कुठलं, कुणी दिलं, कधी मिळालं. मास्तरचं अक्षर मुंगीसारखं बारीक. दोन बोटांच्या जागेत तो अख्खी गोष्ट लिहायचा.

"बिनलिहिल्या नाण्याला काय अर्थ हाय," तो म्हणायचा. "ते नुसता धातू."

"नाणं स्वतः बोलतं," मी म्हणायचो. "त्याच्यावर लिवलेलं असतंच की."

"राजाचं नाव असतं. ज्याच्या हातातून गेलं त्याचं नसतं."

पुढच्या बाजारी तो तांब्याची तार आणि लायटर घेऊन आला. तारेचं टोक लाल तापवलं, माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या कातरणाला लावलं, आणि ते टोक पुन्हा ज्योतीत धरलं. ज्योत हिरवी झाली. पोपटी हिरवी. मग तार घासून साफ केली, त्याच्या त्या कुरकुर वाजणाऱ्या फिल्मला लावली, ज्योतीत धरली. ज्योत पिवळीच राहिली.

"बघितलं?" तो म्हणाला. "हिरवी झाली की समजायचं, ह्या मालात नाणं ठेवायचं न्हाई. वास, मऊपणा आन ही ज्योत. तीन गोष्टी बघायच्या, बास."

दुकानात एक ट्रॅक्टरवाला बसला होता. तो म्हणाला, "गुरुजी, लईच भारी." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आता माझ्या सीटला कोणचं प्लास्टिक लावतूस?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, "मास्तर, तुझ्या बापानं आमच्या गोठ्यातलं शेण उचललं. आन तू मला माझ्या दुकानात माल वळखायला शिकवलालास."

ट्रॅक्टरवाला उठून बाहेर गेला. मास्तरनं तार थंड होईपर्यंत धरली, गुंडाळून खिशात घातली. म्हणाला, "येतो पुढच्या बाजारी."

आणि तो आला. मी माफी मागितली नाही आणि त्यानंही विषय काढला नाही. वही मी तशीच ठेवली. आधी कदाचित बदलली असती. त्या दिवसानंतर बदलणं शक्य नव्हतं.

आता त्या रुपयाचं सांगतो.

पोळ्याच्या दिवशी बैल मिरवून आले की आमचा आजा सालगड्याला रुपया द्यायचा. हातात द्यायचा नाही. उंचावरून टाकायचा, त्यानं उपरण्यात झेलायचा. तशीच रीत होती, पाणीसुद्धा तसंच वाढायचे. एका पोळ्याला आज्यानं रुपया टाकला तो नेम चुकून, का मुद्दाम, बैलाच्या ताज्या शेणात पडला. मास्तरचा बाप वाकला तर आजा म्हणाला, थांब, बैल आत जाऊ दे, आज त्यांचा मान. बैलांना ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली, सगळं आटपून बैल गोठ्यात गेले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तोवर तो माणूस शेणाशेजारी उभा होता. मग त्यानं रुपया उचलला, धुतला, आणि कधी खर्चला नाही. घरात दाणा नसायचा तेव्हासुद्धा नाही.

ही गोष्ट मला मास्तरनं सांगितली नाही. ती आमच्या घरातलीच. आमच्याकडं दर पोळ्याला ती हसत हसत सांगायचे. मीही हसलेलो आहे.

मास्तरच्या पुठ्ठ्यावर तीच गोष्ट होती. त्यानं एकदा तो पुठ्ठा माझ्या हातात दिला आणि मी बोट ठेवून वाचलं. "पोळ्याच्या दिवशी मालकानं वरून टाकला. शेणात पडला. बापानं संध्याकाळी उचलला. खर्चला नाही." बास, एवढंच. नाव नाही, शिवी नाही. नाव असतं, शिवी असती, तर मला भांडता आलं असतं.

मग लातूरला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं. हौशी लोकांनी भरवलं होतं, कुणालाही आपला फळा लावता येत होता. मी नाव दिलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं, आमच्या घराण्याची नाणी. मग मला घाम फुटला, कारण घराण्याचं एकही नव्हतं. मी मास्तरकडं गेलो. त्याच्या अंगणात उभा राहूनच बोललो.

"तो रुपया दे चार दिवस. आमच्या आज्याचा हाय. आमच्या फळ्यावर शोभल."

मास्तर म्हणाला, "न्हेशील. पर पुठ्ठ्यातून काढायचा न्हाई."

"न्हाई काढत."

"शपथ घे."

"तुझ्यावानी लिवनारा न्हाई मी, पर जबान देतो."

त्यानं दिला. तोही मूर्खच म्हणायचा. एवढं शिकून त्याला माणूस ओळखता आला नाही.

मुखेडहून एसटीनं निघालो. जळकोटला गाडी थांबली, अर्धी रिकामी झाली. मी मांडीवर रुमाल टाकला, पिशवीतून पक्कड काढली आणि पिना उपसल्या. रुपया माझ्या वहीत, पहिल्या पानावर मधल्या कप्प्यात घातला. तो कप्पा मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. आता पुठ्ठा राहिला हातात. मी बसलो होतो ती सीट फाटकी होती, कडेची शिलाई उसवलेली, एकेरी टाका मारलेला कुणीतरी आळशानं. मी पुठ्ठ्याची घडी केली आणि फोमच्या आत खोल सारली. जिथून मी आयुष्यभर दुसऱ्यांचं पडलेलं काढलं, तिथं मी ते घातलं. आणि खरं सांगतो, तेव्हा मला हलकं वाटलं.

प्रदर्शनात माझ्या वहीपुढं गर्दी झाली. एक प्राध्यापक दिसणारा माणूस विचारायला लागला, बाबा, यातलं सगळ्यात जुनं तुमच्या घरातलं कोणतं. मी मधल्या कप्प्यावर बोट ठेवलं. सांगितलं, "आमच्या आज्यानं पोळ्याला आपल्या सालगड्याला स्वतःच्या हातानं दिलेला रुपया. घरच्या माणसासारखं वागवायचे तेव्हा." लोकांनी माना डोलावल्या. संध्याकाळी मला शाल आणि नारळ दिला. शाल घेऊन वळलो तर मागच्या रांगेत मास्तर उभा. दुपारच्या गाडीनं आला होता. सगळं ऐकलं होतं त्यानं.

जवळ येऊन एवढंच म्हणाला, "पुठ्ठा कुठाय?"

"फाटला."

"रुपया दे."

"लोक बघून राहिलेत. मुखेडला देतो."

मुखेडला मी दिला नाही. पुढच्या बाजारी म्हणालो, वही घरी आहे. त्याच्या पुढच्या बाजारी म्हणालो, मशीनवर काम आहे. मग तो मागायचा आणि मी कारणसुद्धा द्यायचं सोडलं. वहीतला मधला कप्पा रिकामा झाला असता, शालीचा अर्थ गेला असता. आणि मनात मी पक्कं धरलं होतं की रुपया आमचाच आहे. टाकलेली वस्तू कुणाची, ज्यानं टाकली त्याची का ज्यानं उचलली त्याची, यावर मी स्वतःशीच वाद घालायचो आणि दर वेळी मीच जिंकायचो.

अशी अडीच वर्षं गेली. वही दुकानातल्या लोखंडी कपाटात, चेन लावलेली. वरून पत्रा तापलेला. मी चेन उघडायचो नाही, कारण उघडली की मधला कप्पा पहिल्यांदा दिसायचा.

मास्तरच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला न्यायचे, सुया टोचून रक्त धुवायचे. बाजाराला येणं बंद झालं. एक दिवस दुकानापुढं ऑटो थांबला. तो आत बसूनच बोलला. चेहरा सुजलेला, हाताला पट्टी.

"मिस्त्री, रुपया न्यायला आलो."

मला त्याची कीव यायला पाहिजे होती. ती आलीच नाही. त्याला एवढं लांबून ऑटोतून यावं लागलं, याचं मला बरं वाटलं. मी शिलाई थांबवली नाही. म्हणालो, "तुझा बाप संध्याकाळपतुर थांबला. तू बी थांब की."

ऑटोवाल्यानं मान दुसरीकडं फिरवली. मास्तरनं पट्टीचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "बापानं उचलला तवा त्यो चांगला होता. तू चेन उघडून बघितलीस का येवढ्यात? बघ जा."

ऑटो गेला. मी कपाट उघडलं.

चेन ओढली आणि वास आला. तोच नव्या मालाचा वास, पण कुजलेला. पानं एकमेकांना चिकटली होती. ओढून सुटी केली तेव्हा एरंडेल लावल्यासारखी बोटं ओशट झाली. तांब्याच्या पैशांवर शेवाळासारखे ठिपके. हाली रुपयांवर हिरवा, चिकट थर, आणि मधल्या कप्प्यातला सगळ्यात वाईट, कारण तो कप्पा मी इतरांपेक्षा घट्ट शिवला होता. चारमिनारच्या खाली हिरवं साचलेलं. शिलाई मात्र एका ठिकाणी उसवली नव्हती. मी ते तपासून बघितलं. अशा वेळीसुद्धा मी शिलाई तपासली.

मग रुपया घरी नेला आणि जे केलं ते आमच्याकडं कुणीही करतं. दिवाळीला लक्ष्मीपूजनाची नाणी चिंचेनं घासतात, तसं चिंच आणि मीठ घेतलं. हिरवं गेलं नाही, म्हणून चुलीतली राख घेतली. तरी खाचांत राहिलं, म्हणून सीटचा गंजलेला सांगाडा घासायचा तारेचा ब्रश घेतला. अर्धा तास घासलं. हिरवं गेलं. हिरव्याबरोबर मिनारांची टोकं गेली, अक्षरं गेली, कडेचे दाते गेले. रुपया नव्या चमच्यासारखा चकचकीत झाला.

बायको मागं उभी होती. तिनं पन्नास वर्षं माझं ऐकलं आहे, आणि जेव्हा बोलायचं तेव्हा एकच बोलते.

"नाणं घासलंय का भाताच्या गंजाचं बूड?" ती म्हणाली. मग म्हणाली, "चला, आता तरी द्या त्येचं त्येला. आता तुमच्या कामाचं न्हाई राहिलं."

हे तिनं बरोबर ओळखलं होतं. मी खराब झाल्यावरच द्यायला निघालो.

मास्तर खाटेवर उशाला टेकून बसला होता. खोलीत त्याची सून होती आणि नात होती, नांदेडला कॉलेजात शिकणारी. भिंतीशी टेबल, त्याच्यावर ते बुटाचं खोकं. मी आत गेलो, पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत. सून स्वयंपाकघराकडं निघाली तर मास्तर म्हणाला, "चहा टाकू नको, बाई. ते पीत न्हाईत आपल्याकडं." आवाज अगदी साधा. सून थांबली आणि परत येऊन उभी राहिली. त्या दिवशी मी प्यालो असतो. पण मागून कसा पिणार.

मी खिशातून रुपया काढला. मास्तरनं हात पुढं केला, पट्टीचाच हात, पंजा उघडा. आणि मी रुपया टेबलावर ठेवला.

मी ठरवून नाही केलं. माझ्या हातानं केलं. साठ वर्षं तो तसाच वागत आला होता. टेबलावर रुपया वाजला आणि गोल फिरून पडला. मास्तरचा पंजा तसाच हवेत राहिला, मग त्यानं तो हळूहळू मिटला. नातीनं रुपया उचलून त्याच्या हातावर ठेवला.

त्यानं तो खिडकीकडं धरला. उलटा केला. "चिंच?"

"चिंच, मीठ आन राख. ब्रश थोडा."

"ॲसिटोनात नुसता बुडवून ठेवला असता तर हिरवं सुटलं असतं. घासायची गरजच न्हाई. शाळेत बाटली होती." मग म्हणाला, "विचारायचं होतंस."

"तुला विचारायचं?" मी म्हणालो. तिथं, त्याच्या घरात, तेव्हासुद्धा मी असं म्हणालो.

त्यानं नातीकडून नवा पुठ्ठा घेतला. रुपया खिडकीत ठेवला, दुमडला, स्टेपलर तिनं मारला. पक्कडीनं पिना त्यानं स्वतः चपट्या केल्या, त्याला वेळ लागला. मग पेन मागितलं. पुढच्या बाजूला त्यानं जुनंच लिहिलं, न बघता, शब्दाला शब्द. मग पुठ्ठा उलटा केला आणि मागं लिहायला लागला. अक्षर तेच, मुंगीचं. लिहून झालं, शाई वाळू दिली आणि पुठ्ठा माझ्याकडं धरला.

"वाच."

"चष्मा न्हाई."

"डोक्यावर हाय."

सून बघत होती, नात बघत होती. मी चष्मा खाली ओढला. बोट ठेवून वाचायला लागलो. मला मनात वाचता येत नाही, तोंडानं वाचावं लागतं, हे मास्तरला दुसरीपासून माहीत होतं.

"माल... मालकाच्या... नातवानं... मागून नेला. अडीच... वर्षांनी... परत दिला. चिंचेनं... घासून... दिला."

मी थांबलो.

"आणखी एक ओळ हाय," मास्तर म्हणाला.

"दिसली."

"मग वाच की. लहानपणी मी दाराशी बसून तुझं ऐकायचो. तू अडायचा, आन मला येत असायचं, पर मला कुणी विचारत नव्हतं. वाच आता. मी न्हाई सांगनार."

मी वाचलं. "हातात... दिला... नाही."

"बरोबर," तो म्हणाला. वर्गात म्हणतात तसं. पुठ्ठा घेतला आणि खोक्यात उभा केला.

तीन आठवड्यांनी तो गेला. मी मातीला गेलो, मागं उभा राहिलो. कुणी मला पुढं बोलावलं नाही आणि कुणी हाकललं नाही.

वही मी फाडली नाही. ती अजून कपाटात आहे, रिकामी. उरलेली नाणी मी नांदेडहून पुठ्ठे आणून त्यात घातली. घेताना दुकानदारापुढं प्रत्येक फिल्म वाकवून बघितली, कुरकुर वाजली तर घेतली, नाकाला लावून बघितली. दुकानदार म्हणाला, "काका, अनुभवी दिसता." मी म्हणालो, "हाव." मोठ्या रुपयांना गोल, कडक डब्या आणल्या. पिना पक्कडीनं चपट्या करतो. पुड्या टाकतो. सगळं मास्तरनं सांगितलं तसं करतो. फक्त कडेला काही लिहीत नाही. दोनशे पुठ्ठे आहेत आणि सगळे कोरे. काय लिहिणार, बाजारातून आणली आहेत.

यंदा नांदेडला प्रदर्शन होतं. मी नाव दिलं नव्हतं, नुसता बघायला गेलो. एका काचेच्या पेटीत मास्तरची नाणी मांडली होती. पलीकडच्या टेबलावर त्याची नात लोकांना माहिती सांगत होती. तिनं मला बघितलं. नमस्कार केला नाही आणि तोंडही फिरवलं नाही.

रुपया मधोमध होता. चकचकीत, बिनचेहऱ्याचा, इतक्या जुन्या नाण्यांत एकटाच नवा दिसणारा. शेजारी पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोठे करून लावले होते. मुंगीची अक्षरं आता बोटाएवढी झाली होती.

माझ्या शेजारी एक बाई येऊन उभी राहिली, साठीची असेल, हातात पर्स. डोळे बारीक करून फोटोकडं बघत होती. म्हणाली, "बाबा, चष्मा घरी राहिला माझा. तेवढं वाचून सांगता का, काय लिहिलंय ते?"

माझ्या डोळ्यांवर चष्मा होता. चौथी शिकलेल्या माणसाला वाचता येणार नाही इतकी ती अक्षरं लहान नव्हती. आयुष्यभर मला कुणी अडाणी म्हणालं तर मी त्याच्या अंगावर गेलो आहे.

"मला वाचता येत न्हाई, बाई," मी म्हणालो.

"असू द्या," ती म्हणाली, आणि तिनं पलीकडच्या माणसाला विचारलं. त्यानं मोठ्यानं, सरळ, कुठंही न अडता वाचायला सुरुवात केली. पुढची बाजू वाचली, मग मागची. लोक गोळा झाले. मी तिथंच उभा राहिलो, शेवटच्या ओळीपर्यंत. मधेच निघालो असतो तर त्या बाईला कळलं असतं, की याला वाचता येतं.